क्योटो: चार दिवस, तीन माणसं आणि आईचे दोन गुडघे

सायली_गो

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जपानला चाललोय. मी, आई (६७) आणि बाबा (७२). टोकियोत मावसभाऊ आहे, त्यामुळे तिथली काळजी नाही. नंतरचे चार दिवस क्योटोत आम्ही तिघंच, आणि परतीचं विमान ओसाकाहून.

यादी करायला बसले आणि डोकं गरगरलं. पस्तीस देवळं, दोन राजवाडे, एक किल्ला, एक बांबूचं बन. बाबांचं म्हणणं, "एवढे पैसे घालून जातोय तर सगळं बघायचं." आईचे दोन्ही गुडघे बोलतात, पायऱ्या दिसल्या की ती आधी बाक शोधते. शिवाय ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांना इतिहासाचं वेड, पाटी दिसली की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय हलत नाहीत.

तर काय चुकवू नये आणि काय निर्धास्त गाळावं? ऑफिसातला एकजण म्हणाला, "एक देऊळ बघितलंस की सगळी बघितलीस." खरं आहे का हे?

पावशेर

खरं आहे. तिसऱ्या दिवशी आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, आज बूट न काढता बघता येईल असं काहीतरी बघूया."

वाटसरू_९

@पावशेर, म्हणजे जेजुरी बघितली की वेरूळला जायची गरज नाही, असंच ना?

अनघा_कोबे

सायली, मी कोबेला अकरा वर्षं राहते. पाहुणे आले की क्योटो ठरलेलं, त्यामुळे एव्हाना मला गाइडचा बिल्ला मिळायला हवा होता. सुचेल तसं लिहिते.

नोव्हेंबरअखेर म्हणजे मोमिजी, लाल पानांचा हंगाम. क्योटो सगळ्यात सुंदर तेव्हाच आणि गर्दीही सगळ्यात जास्त तेव्हाच. पावणेपाचला सूर्य मावळतो आणि बहुतेक देवळं चार-पाचला दारं लावतात. हॉटेलात दहापर्यंत नाश्ता करत बसलात तर दिवस गेलाच म्हणून समजा. सकाळी आठला बाहेर पडायचं, अडीचला जेवून परत, आईंना झोप, मग संध्याकाळी हवं तर नदीकाठी.

बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढे चालकाजवळ पैसे टाकायचे, २३० येन. जुन्या ब्लॉगांवर नुसत्या बसचा दिवसभराचा पास सापडेल, तो बंद झालाय. आता बस आणि सबवे मिळून ११०० येनचा आहे. पण खरं सांगू का, तिघं आहात आणि गुडघ्यांचा प्रश्न आहे, तर टॅक्सीच करा. हंगामात बसमध्ये उभं राहायला जागा मिळाली तरी देवाची कृपा. टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं आणि लागतं, हात लावायचा नाही. आमच्या सासऱ्यांनी जोर लावून ओढलं. चालक काही बोलला नाही, नुसता श्वास आत ओढला. जपानमध्ये ही बरीच कडक प्रतिक्रिया समजतात.

टोकियोहून मोठ्या बॅगा कुरियरने थेट क्योटोच्या हॉटेलात पाठवा. बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचतात. शिनकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेन) हातात पिशवी आणि खिडकीबाहेर फुजी, एवढंच हवं.

बूट असे की वाकावं लागणार नाही. मोजे असे की भोक नसेल. दुसरा मुद्दा बाबांना सांगा.

पावशेर

मोज्यांच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. हे अनुभवाचे बोल आहेत.

गायत्री_म

सायली, यादी लहान कर, एवढंच सांगते. आम्ही दोन वर्षांपूर्वी एका यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो (नाव लिहीत नाही). एका दिवसात पाच ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत. झेंडेवाला पुढे आणि आम्ही मागे, शाळेच्या सहलीसारखे. घरी आल्यावर फोटो बघताना नवरा विचारतो, हे कुठलं देऊळ? मलाही सांगता येईना. ऑफिसातल्या माणसाला सगळी देवळं सारखी वाटली ती अशीच बघितली असणार.

खडूस_काका

मी विरोधी पक्षात. ज्या सोन्याच्या देवळासाठी सगळे जीव टाकतात, ते किंकाकुजी १९५५ सालचं आहे. मूळचं १३९७चं, आशिकागा योशिमित्सू या शोगुनच्या (लष्करी सत्ताधीशाच्या) निवृत्तीच्या वाड्यातलं, ते १९५० मध्ये तिथल्याच एका तरुण भिक्षूने पेटवून दिलं. आता दिसतं ती नक्कल. राजवाडा, म्हणजे गोशो, १८५५चा. कियोमिझू देवळाचा सज्जा १६३३चा. "बाराशे वर्षांची राजधानी" म्हणतात, आणि बघायला गेलं की बरंचसं परवापरवाचं. यापेक्षा आमचं अंबरनाथचं शिवमंदिर बरं, १०६० पासून जिथल्या तिथे उभं आहे.

वाटसरू_९

काका, तुमच्या सनावळ्या बरोबर, निकाल चूक. अंबरनाथ दगडाचं आहे, क्योटो लाकडाचं. लाकूड जळतं. ओनिनच्या लढाईत (१४६७ ते ७७) जवळजवळ सगळं शहर जळलं, १७८८च्या आगीत पुन्हा जळलं. तिथल्या लोकांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे पुन्हा तसंच बांधणं. इसेचं देऊळ तर दर वीस वर्षांनी मुद्दाम नवं बांधतात, म्हणजे सुतारांची एक पिढी दुसरीला हाताने शिकवते. त्यांच्या लेखी जुनं काय, तर लाकूड नव्हे, बांधायची रीत.

आणि अस्सल जुनंच हवं असेल तर दाइगोजीचा पाच मजली पॅगोडा बघा, ९५१ सालचा. क्योटोतली सगळ्यात जुनी उभी वास्तू तीच.

खडूस_काका

रीत वगैरे ठीक आहे. उद्या शनिवारवाडा कुणी प्लायवूडचा बांधला तर तुम्ही तिकीट काढून जाल का?

वाटसरू_९

प्लायवूडचा नाही. सागवानाचा, जुन्या मापाने, हाताने कोरून बांधला तर पहिल्या रांगेत मी. १८२८ ला जळला, तेव्हापासून आपण जोती बघतोय आणि कारंज्याच्या खड्ड्यात वाकून कल्पना करतोय.

कुंदा८

आमच्या गावच्या देवळाला गेल्या वर्षी ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावल्या. देऊळ अस्सल यादवकालीन. आता बोला. 😄

मृण्मयी_द

मंडळी, "सारखीच देवळं" याला माझं उत्तर एकच: सांजूसानगेनदो. सायली, आईंसाठी हे पहिल्या क्रमांकावर ठेव. जवळजवळ सगळं सपाट, आणि लांबलचक एकच दालन, सुमारे १२० मीटर. आत १००१ मूर्ती, सहस्रबाहू अवलोकितेश्वराच्या, ज्याला तिथे कान्नोन म्हणतात. मधली बसलेली मोठी, आणि दोन्ही बाजूंना पाचपाचशे उभ्या, माणसाच्या उंचीच्या. सोन्याचा वर्ख आता मध्यम उजेडात मधासारखा दिसतो. मोजलेत तर हात चाळीसच भरतील (त्या हिशेबात प्रत्येक हात पंचवीस विश्वांचं रक्षण करतो, म्हणून हजार). मधली मूर्ती तानकेई नावाच्या शिल्पकाराने १२५४ मध्ये पुरी केली तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. बाबांना हे अवश्य सांग.

पण खरी मजा पुढच्या रांगेत आहे. तिथे अठ्ठावीस रक्षक देव उभे आहेत आणि त्यातले बरेचसे आपल्या ओळखीचे. बोन्तेन म्हणजे ब्रह्मदेव, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. नाराएन कोण ते सांगायला नको. कारुरा म्हणजे गरुड, चोच आणि पंख शाबूत, पण हा बासरी वाजवतोय! बासू सेन्निन म्हणून एक हाडं निघालेला म्हातारा ऋषी आहे. मी त्याच्यासमोर पंधरा मिनिटं उभी होते. आमचे आजोबा शेवटी तसेच दिसायचे.

आत फोटो काढू देत नाहीत. हे फार बरं आहे. लोक बघतात तरी.

मिश्कील

गरुडाने बासरी घेतली मग कृष्ण काय वाजवतो, शामिसेन (तीन तारांचं जपानी वाद्य)?

निशाचर

मृण्मयी, यात थोडी भर. तोजी नावाचं देऊळ स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. तिथला पॅगोडा जवळजवळ ५५ मीटर, जपानमधला सगळ्यात उंच लाकडी मनोरा. तिथल्या व्याख्यानाच्या दालनात इंद्र हत्तीवर आणि ब्रह्मदेव हंसांवर बसलेला आहे. तोजी ज्यांच्याकडे सोपवलं गेलं ते कुकाई (कोबो दाइशी) चीनला गेले होते. तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडून संस्कृत शिकले आणि ८०६ मध्ये परतले. संस्कृत लिहायची सिद्धम लिपी जपानमध्ये रुजली त्यात त्यांचा वाटा मोठा. आजही दफनभूमीत लाकडी उंच फळ्या दिसतात, त्यांवर ब्रशने काढलेली जी वळणदार अक्षरं असतात ती आपल्या देवनागरीची चुलतभावंडं. जरा रोखून बघितलं तर "अ" आणि "व" ओळखू यायला लागतात.

आणि हे तर घरी बसूनही तपासता येईल. जपानी वर्णमालेचा क्रम म्हणा: अ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. कंठ्यापासून ओठांकडे, मग य-र-व. हा क्रम संस्कृतच्या अभ्यासातून आला. "हा" मध्येच कसा, तर तो उच्चार पूर्वी "पा" होता. मग बसतंय बघा बरोबर.

कुंदा८

निशाचर, दंडवत! मुलीला बोलावून म्हणून दाखवलं. ती म्हणते, "आई, हे तर दुसरीच्या पुस्तकात आहे."

अनघा_कोबे

गणपतीबद्दल कुणी विचारण्याआधीच सांगते. तिथे त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात आणि निशिजिन भागात उहोइन नावाच्या लहानशा देवळात तो आहे. पण दर्शन होत नाही. मूर्ती गुप्त असते. बहुतेक ठिकाणी दोन गजमुखी देव एकमेकांना मिठी मारून उभे, असं रूप. त्याची खूण म्हणजे जुडी केलेले मुळे आणि पैशाची थैली. मोदकाच्या जागी मुळा बघून माझी आई जी हळहळली!

पावशेर

देवाला मुळा? चतुर्थीच्या उपासाला काय खात असतील?

बटाटेभात

कुणी जेवणाचं बोलेल का? शाकाहारी म्हणजे तिथे खरी परीक्षा. भाजी दिसते भाजीसारखी, पण शिजलेली असते दाशीत, आणि दाशीत बोनितो मासा. सूप, सॉस, उकडलेला भोपळा, सगळीकडे. "नो मीट, नो फिश" म्हटलं की मान डोलावतात आणि दाशीतलंच आणतात, कारण त्यांच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हे. आपण फोडणीत हिंग घातला हे जसं कुणाला सांगत नाही तसं.

उपाय: भिक्षूंचं जेवण, शोजिन र्योरी. यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणसुद्धा नाही, आणि दाशी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीची. जैन मंडळींनी मात्र कंदमुळांचं विचारून घ्यावं. अराशियामात तेन्र्यूजी देवळाच्या आवारातच शिगेत्सू म्हणून जागा आहे, तिथे जमिनीवर बसून लाल ताटांत जेवतात. सायली, गुडघ्यांचं आधी विचारून घे. नानझेनजी देवळाच्या आसपास युदोफू, म्हणजे गरम पाण्यातलं टोफू. पहिल्या घासाला वाटतं की याला चव कुठाय, चौथ्या घासाला कळतं की चव मुद्दामच हळू बोलतेय. बुडवायच्या सॉसचं मात्र विचारा, तिथे मासा लपलेला असू शकतो.

रात्रीसाठी साधा मार्ग. कोपऱ्यावरच्या दुकानात शिजलेल्या भाताचं पाकीट मिळतं, तिथेच गरम करून देतात. घरून मेतकूट न्या आणि तुपाची छोटी बाटली. आमच्या आईने त्या चिकट भातावर मेतकूट-तूप कालवलं आणि म्हणाली, "आंबेमोहोरासारखाच आहे की, फक्त वास विसरलेत."

मृण्मयी_द

नामा यात्सुहाशी विसरलात? तांदळाच्या पिठाची उकड, पातळ लाटून चौकोन, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, दुमडून त्रिकोण, वर दालचिनीचा वास. आईंना लगेच कळेल काय आहे ते. मोदकाची मापं चुकलेली बहीण.

ओसाकाकर

क्योटोच्या माणसांबद्दल एक इशारा. ओसाकात राहून मी हे बोलणारच, हलके घ्या. पाहुणा बराच वेळ बसला की यजमान म्हणतो, "बुबुझुके घेणार का?" म्हणजे चहा ओतलेला भात. याचा अर्थ, उठा आता. हो म्हणणारा माणूस कायमचा बदनाम. तसंच, "तुमची मुलगी पियानो काय छान वाजवायला लागलीय!" याचा अर्थ आवाज बंद करा.

आणि "मागच्या लढाईत आमचं घर जळलं" असं क्योटोकर म्हणाला तर ती दुसऱ्या महायुद्धाबद्दल नसते, ओनिनची असते. पंधराव्या शतकातली.

मिश्कील

थांबा थांबा. शहर जुनी राजधानी. सत्ता गेली पण तोरा राहिला. पाहुण्याला जेवायला विचारतात ते जावं म्हणून. बाहेरच्याला तीन पिढ्यांनीही आपलं म्हणत नाहीत. हे शहर मुळा-मुठेच्या काठावर आहे असं मला का वाटतंय?

खडूस_काका

आक्षेप! आम्ही जेवायला विचारतच नाही. फसवणूक नाही.

पावशेर

हसून हसून पुरेवाट. काका, आज पहिल्यांदा तुम्हाला +१.

ओसाकाकर

पाट्यांमध्येही स्पर्धा होईल. गिओन भागात खासगी गल्ल्यांत शिरलात तर १०,००० येन दंड अशी पाटी आहे. गेइको-माइको (तिथल्या गेइशा आणि त्यांच्या शिकाऊ मुली) कामाला निघाल्या की लोक कॅमेरे घेऊन वाट अडवायचे, किमोनो ओढायचे. २०२४ पासून त्या गल्ल्या बंद केल्या. पाटी चित्रासकट आहे, पण "दुपारी १ ते ४" ची सर नाही.

स्थापत्य

देवळांचं पुष्कळ झालं. बाबांना इतिहास आवडतो म्हणून एक वेगळी जागा सुचवतो. १८६९ मध्ये सम्राट टोकियोला गेला आणि क्योटो ओस पडायला लागलं. दरबार गेला, दरबाराला रेशीम विणणारे, पंखे करणारे, मिठाईवाले सगळ्यांचंच गिऱ्हाईक गेलं. तेव्हा गव्हर्नर कितागाकी यांनी डोंगर फोडून बिवा सरोवराचं पाणी शहरात आणायचं ठरवलं आणि काम दिलं तानाबे साकुरो या नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या, विशीतल्या इंजिनिअरला. त्याचा अभ्यासाचा प्रबंध याच कालव्यावर होता. १८९० ला कालवा पुरा झाला, १८९१ ला केआगे इथे त्याच पाण्यावर वीज, आणि त्या विजेवर १८९५ मध्ये जपानची पहिली ट्राम.

आजही केआगेला उतारावर रूळ दिसतात. बोटी पाण्यातून काढून गाड्यावर चढवायच्या आणि रुळांवरून खाली सोडायच्या, अशी सोय होती. आणि जवळच नानझेनजी देवळाच्या आवारात त्या कालव्याचा विटांचा जलसेतू आहे, कमानी कमानींचा. झेन देवळाच्या मागे रोमन वाटावा असा पूल! वर चढलात तर पाणी अजून वाहताना दिसतं. "तत्त्वज्ञाचा रस्ता" म्हणून जो दोन किलोमीटरचा रस्ता सगळे फिरतात तो याच कालव्याच्या फाट्याकाठी आहे. आईंना त्यातला सपाट तुकडा चालवेल.

वाटसरू_९

स्थापत्य, निजोच्या बोलक्या जमिनीबद्दल सांगा ना. तुम्हालाच माहीत असणार.

स्थापत्य

निजो किल्ल्यातल्या निनोमारू वाड्याच्या पडव्या. चाललं की चिमणीसारखा आवाज येतो. म्हणतात बुलबुल-फरशी, शत्रू चोरपावलांनी आला तर कळावं म्हणून. फळीखाली लोखंडी पकडी असतात, वजन पडलं की पकड खिळ्यावर घासते, तो आवाज. मुद्दाम केलंय की लाकूड सैल पडल्यावर आपोआप व्हायला लागलं, यावर दोन मतं आहेत. माझं मत दुसऱ्या बाजूला. पण गाइडपुढे बोलू नका, त्याचा धंदा आहे.

बाबांसाठी सनावळी: किल्ला १६०३ ला तोकुगावा इयेयासूने बांधला, त्याच वर्षी तो शोगुन झाला. १८६७ मध्ये याच वाड्यातून पंधराव्या शोगुनने, योशिनोबूने, सत्ता सम्राटाला परत देतो असं सरदारांना सांगितलं. तोकुगावा राजवटीची दोन्ही टोकं या एका किल्ल्याला बांधलेली आहेत.

गायत्री_म

गोशोबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून. सम्राटांचा जुना राजवाडा, २०१६ पासून आधी अर्ज लागत नाही, फुकट आहे, सोमवारी बंद. आत इमारतींमध्ये जाता येत नाही, बाहेरूनच. सगळीकडे खडी. खडीवरून चालताना गुडघ्यांना त्रास होतो, चाकाची खुर्ची तर रुततेच. पण बाहेरचं उद्यान बघ. तिथल्या रुंदच्या रुंद खडीच्या रस्त्यांवर सायकलींनी एकच बारीक पट्टा घासून काढलाय, वीतभर रुंद. सगळे सायकलवाले त्याच पट्ट्यावरून एकामागे एक. समोरून कुणी आलं की एकजण खडीत उतरून थांबतो. मी बाकावर बसून अर्धा तास तेच बघत होते.

पावशेर

मी माझं मूळ विधान अंशतः मागे घेतो. आम्ही गोशो सोमवारी गेलो होतो.

कुंदा८

कुणी सांगेल का, अमेरिकेने क्योटोवर बॉम्ब का टाकला नाही? देवळांमुळे ना?

वाटसरू_९

अणुबॉम्बच्या यादीत क्योटो होतं, आणि वरच्या क्रमांकावर. युद्धमंत्री हेन्री स्टिमसनने हट्टाने काढायला लावलं. तो विसाच्या दशकात क्योटोला जाऊन आला होता, हे खरं. मधुचंद्राची जी गोष्ट सांगतात ती सोडून द्या. संस्कृतीचं प्रेम होतंच, शिवाय हे शहर जाळलं तर जपानी लोक कधीच माफ करणार नाहीत आणि रशियाच्या बाजूला झुकतील, ही भीतीही होती. क्योटोचं नाव निघाल्यावर त्या यादीत नागासाकी आलं. हे लक्षात ठेवून लाल पानं बघावीत, एवढंच.

सायली_गो

बाप रे, चार दिवस आले नाही तर केवढा धागा! सगळ्यांचे मनापासून आभार. यादी पस्तीसवरून नऊवर आणलीय. बाबा नाराज आहेत. आईने मेतकूट भाजायला घेतलंय.

मिश्कील

नऊ? अजून जास्तच आहेत. पण जा. आल्यावर वृत्तांत हवा, नाहीतर क्योटोकर बनून आम्ही तुम्हाला चहाभात विचारू.

सायली_गो (१२ डिसेंबर)

वृत्तांत.

नवातली सहा झाली. वाईट अजिबात वाटलं नाही.

आधी चुका. किंकाकुजीला नऊऐवजी साडेदहाला पोचलो (माझी झोप). सोनेरी देवळापेक्षा वर केलेले फोनच जास्त दिसले. आईने लोकांच्या खांद्यांमधून बघितलं, म्हणाली, "छान आहे, चला." फुशिमी इनारी देवळात फक्त खालच्या लाल तोरणांपर्यंत गेलो, वर अजिबात नाही. आई कोल्ह्यांच्या मूर्तींसमोर बाकावर बसली आणि परत आलो तर एका जपानी आजींशी गुडघ्यांवर चर्चा चालू. एकीला मराठी, दुसरीला जपानी. दोघी आपापले गुडघे चोळून दाखवत होत्या. आजींनी पर्समधून एक चिकटपट्टी काढून दिली, मलमाची. रात्री लावली, आराम पडला. आता ती मिळते कुठे ते अनघाताई सांगा.

सांजूसानगेनदोला मृण्मयी म्हणाली तसंच झालं. आई गरुडापाशी थांबली, "याच्या हातात बासरी कुणी दिली?" मग बासू सेन्निन दिसला आणि हात जोडून उभी राहिली. मी पुढे निघाले तर म्हणते, "थांब गं, माणूस उपाशी दिसतोय." त्या एका दालनात सव्वा तास. बाबांनी ८२ वर्षांच्या तानकेईचं ऐकल्यापासून "माझी अजून दहा वर्षं आहेत" हे दिवसातून तीनदा ऐकवलं.

तेन्र्यूजीत जेवलो, गुडघ्यांसाठी आधी विचारलं होतं, तरी बसताना-उठताना दोघांना हात द्यावा लागला. आईने प्रत्येक वाटी संपवली. यात्सुहाशी खाऊन म्हणाली, "उकड जमलीय. सारणात वेलची विसरलेत."

आता निजो. खडूस काका आणि वाटसरू, हे तुमच्या दोघांसाठी. बूट काढून आत शिरलो आणि पहिल्या पावलाला जमीन चिवचिवली. बाबा थांबले. पुन्हा पाऊल टाकलं, पुन्हा चिव. मग ते तसेच हळूहळू चालत राहिले, टाचा टेकवत, ऐकत. दालनामागून दालनं, भिंतीवर सोनेरी पार्श्वभूमीवर प्रचंड पाइन वृक्ष, वर कोरलेल्या लाकडी जाळ्या, छताच्या चौकटी रंगवलेल्या. (भिंतींवरची चित्रं नकला आहेत, मूळची शेजारच्या संग्रहात जपून ठेवलीत. काकांना हे सांगावं लागणारच.) बाबा पाट्या वाचत नव्हते! बत्तीस वर्षं आमच्या घरापासून दहा मिनिटांवर शनिवारवाडा आहे, दर पाहुण्याला घेऊन तेच जातात आणि जोत्यावर उभं राहून "इथे सात मजले होते बरं का" सांगतात. मोठ्या दालनाशी ते कठड्याला हात लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, "आता कळलं मला, मी इतकी वर्षं काय सांगत होतो ते."

मग पुन्हा मागे गेलो आणि सगळी पडवी दुसऱ्यांदा चाललो. बाहेर पडताना आई म्हणाली, "जमिनीचे पण गुडघे वाजतात, बरं वाटलं."

वाटसरू_९

❤️

खडूस_काका

नकला आहेत हे सांगितलंस म्हणून धन्यवाद. बाबांना नमस्कार सांग. पुण्यात आलो की शनिवारवाडा त्यांच्याबरोबरच बघेन.

अनघा_कोबे

सायली, पट्टी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. पाकिटाचा फोटो टाक, पाठवते.

नवा_सदस्य

छान धागा. मी मार्चमध्ये जातोय. क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा तीन दिवसांत होईल का?

गायत्री_म

नवीन धागा काढा हो. आणि आधी हा वरपासून वाचा.